‘हॅझर्ड’ या शब्दाखालील माझ्या फोटोबाबत

प्रति,
मा. प्राचार्य,
तांत्रिक प्रशिक्षण संस्था.

विषय : इंग्रजी शब्द शिकवणाऱ्या टॅबलेटमध्ये ‘हॅझर्ड’, म्हणजे धोका, या शब्दाला माझा फोटो लावल्याबाबत.
संदर्भ : माझी तोंडी तक्रार, जी ऐकून आपण हसलात.

महोदय,

दार लोटून घ्यावे, खुर्ची जवळ ओढावी. एक आख्यान सांगतो.

आपल्या शिकाऊंचे इंग्रजी यथातथाच, आणि मोठ्या कारखान्यांत साऱ्या सूचना इंग्रजीत. म्हणून डिजिटल विभागाच्या साहेबांनी टॅबलेट आणले. फोटो दिसतो, त्याचा इंग्रजी शब्द मोठ्याने बोलायचा. बरोबर आला की हिरवी खूण, चुकला की लाल फुली. कल्पना सोन्यासारखी. मीच चारचौघांत तिचे कौतुक केले होते. फोटो काढायला साहेब कार्यशाळेत आले ते उघड्या डोळ्यांनी. मी गॅसवर लोखंड कापत होतो, ठिणग्या उडत होत्या. जास्तीचा संरक्षक चष्मा नव्हता, म्हणून माझाच काढून त्यांच्या डोळ्यांवर चढवला आणि ज्योत बंद करायला वळलो. तेवढ्यात त्यांनी बटण दाबले. माझाच चष्मा लावून माझा बिनचष्म्याचा फोटो! तोच आता ‘हॅझर्ड’खाली आहे.

हा झाला पूर्वरंग.

आता कार्यशाळेत शिरलो की “सरका रे, हॅझर्ड आले!” अशी ललकारी उठते. घरी मंडळीही “हॅझर्ड, येताना भाजी आणा” म्हणतात. मी कीर्तनात झांज धरणारा माणूस. परवा बुवांनी क्षमेवर असे निरूपण केले की माझ्या डोळ्यांना धार लागली. साहेबांना मनोमन माफ करून झोपलो. दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेत ती क्षमा उतरली. देवापुढे तसे कबूलही केले आहे.

त्या परीक्षेला आपल्या ताई बसल्या होत्या. शिवणकाम सोडून वेल्डिंग शिकायला आलेल्या, दोन लेकरांच्या आई. त्यांचा जोड मी डोळे झाकून पास करीन. त्यांच्यापुढे नेमका माझा फोटो आला. शब्द त्यांना येत होता, मीच पाठ करून घेतला होता. पण त्या म्हणाल्या, “इन्स्ट्रक्टर.” लाल फुली. पुन्हा संधी मिळाली, पुन्हा “इन्स्ट्रक्टर”. तिसऱ्यांदाही तेच. सुरक्षेचा एक जरी शब्द तिन्ही संधींत चुकला, तर नापास. हा नियम माझ्याच आग्रहाने झाला आहे! मी रागावलो, तर म्हणाल्या, “सर, तुम्हाला धोका म्हणायला जीभच वळत नाही हो.” जहाजाच्या कारखान्यातली त्यांची नोकरी या परीक्षेच्या दाखल्यावाचून अडली आहे.

तरी विनंती की,

१. ‘हॅझर्ड’खाली, ऑक्सिजनच्या सिलिंडरवर बसून मोबाइलवर खिदळणाऱ्या साहेबांचा फोटो लावावा. शिकाऊंनी तो मोठ्या आनंदाने काढून दिला आहे.

२. ‘पोरॉसिटी’, म्हणजे बाहेरून चकचकीत आणि आतून भोकेच भोके असा जोड, यासाठी साहेबांचा ओळखपत्रावरचा फोटो पुरेसा आहे.

३. साहेबांची परीक्षा त्याच टॅबलेटवर, सगळ्या शिकाऊंसमोर, भोंगा लावून घ्यावी. प्रत्येक लाल फुलीला झांज मी वाजवीन, विनामोबदला.

या तिन्ही मागण्या आपण फेटाळल्यात, तर माझा फोटो राहू द्या तिथेच. मी निवृत्त झालो तरी पोरे मला हॅझर्ड म्हणोत. मात्र निकालावर सही करताना त्या ताईंना आठवा. त्यांनी तीनदा उत्तर दिले, आणि तिन्ही वेळा ते खरे होते.

आपला नम्र,
(सही)
वेल्डिंग निदेशक, कार्यशाळा क्र. २
दिनांक : ११ ऑगस्ट

सोबत :
१. साहेबांचा सिलिंडरवरील फोटो, रंगीत.
२. ताईंनी केलेला जोड, तपासणीसाठी. आपटून पाहावा.
३. माझा चष्मा जोडलेला नाही. तो अजून साहेबांकडेच आहे.