रविवारची तिकिटं

इंडियानापोलिस,
सोमवार, ८ सप्टेंबर १९८६

प्रिय दादा,

तुझं पत्र पोचलं. वहिनींची पाठ आता बरी आहे, मक्याला यंदा कणसं चांगली धरलीत, बाबांनी ट्रक चालवणं अखेर सोडलं, सगळं कळलं. मी इथे मजेत आहे. गुडघे नेहमीसारखे कुरकुरतात, पण जेवण जातं.

रविवारच्या आमच्या बेसबॉल सामन्याच्या तिकिटांचं मात्र मनावर घेऊ नकोस. नेब्रास्काहून इतक्या लांब त्या खटाऱ्यातून बाबांची हाडं खिळखिळी करत कशाला आणतोस? इथे उकाडा आहे. गाडी लावायला जागा नाही. स्टेडियममधलं हॉट डॉग म्हणजे उकडलेला रबर. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात की हिवाळ्यानंतर बाबांना काही दिसेल याचा भरवसा नाही, आणि त्यांना एकदा मला प्लेटमागे, बॅटवाल्याच्या पाठीशी चेंडू झेलायला बसलेलं बघायचंय, हे तू लिहिलंस. वाचलं मी. दोनदा लिहायची गरज नव्हती.

इथली बातमी सांगतो. सप्टेंबर लागला की संघात जादा माणसं घ्यायची मुभा असते. मग खालच्या संघांतून पोरं वर येतात, धरणाचा दरवाजा उघडल्यावर गाळ यावा तशी. यंदाच्या गाळात एक रत्न आहे, डॅरिल प्रूट. तोही माझ्यासारखाच प्लेटमागे बसणारा कॅचर. पेपरवाल्यांनी त्याचं नाव 'उद्या' ठेवलंय. या उद्याला अजून स्वतःच्या बुटाची नाडी नीट बांधता येत नाही. चेंडू टाकणारा पिचर घाबरला की त्याच्याजवळ जाऊन काय बोलायचं ते कळत नाही, म्हणून हा जातो आणि च्युइंगगम देऊन परत येतो. लोक टाळ्या वाजवतात. लोकांचं काय, ते छत्री उघडली तरी टाळ्या वाजवतील.

आमचा मॅनेजर हॅनिगन याने मला पहिल्याच दिवशी खोलीत बोलावलं. हा माणूस स्वतः खेळत होता तेव्हा चेंडूपेक्षा जांभया जास्त पकडायचा.

"लायल, पोराला जरा बघू या म्हणतो."

"बघा की. मी कुठे पडदा लावलाय?"

"तू बाकावर बसून त्याला चार गोष्टी शिकव. तुझा अनुभव आहे."

अनुभव आहे म्हणजे काय ते तुला कळलं असेलच. तेव्हापासून मी बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलतोय. झालं, लिहिलं एकदाचं.

शनिवारी त्या प्रूटने चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावला, त्याचा पहिला होमरन. आमच्यात रीत आहे. नव्या पोराचा पहिला होमरन झाला की तो बाकाकडे परतताना कुणी त्याच्याकडे बघायचं नाही. काही घडलंच नाही असं तोंड शिवून बसायचं, त्याला चांगलं कासावीस होऊ द्यायचं, आणि मग सगळ्यांनी एकदम अंगावर तुटून पडायचं. तसंच झालं. सगळे तुटून पडले. मी उठलो नाही. रीत म्हणून नाही, दादा. मला त्याचं तोंड बघवत नव्हतं. मला त्याचा मनापासून राग आला होता.

सामना संपल्यावर तो माझ्याकडे आला, डोळे पाणावलेले.

"लायलकाका, बाकीच्यांना हसू आवरलं नाही. तुम्ही एकटे शेवटपर्यंत टिकलात. मी घरी फोन करून सांगितलं."

काका म्हणाला मला. असल्या गाढवाचा राग तरी कसा करायचा? तरी करतोय.

मग मी न सांगता एक काम केलं. आज सकाळी हॅनिगनकडे गेलो आणि रविवारचा सामना मागितला. बाबांच्या डोळ्यांचं सांगितलं. आयुष्यात कुणाकडे असं काही मागितलं नव्हतं. त्याने कॉफीत साखर ढवळली आणि म्हणाला, "सामना कुणाच्या बापासाठी नसतो." पुढच्या वर्षी मी लागणार नाही, तेही त्याच ढवळण्यात सांगून टाकलं.

म्हणून येऊ नकोस असं लिहायला बसलो होतो. पण एवढं लिहिल्यावर वाटतं, या.

बाबांना आता रंग दिसतो, आकार दिसतो, चेहरा दिसत नाही असं तूच लिहिलंस. कॅचरच्या तोंडावर जाळी असते. बॅट हातात घेतली की हेल्मेट असतं. प्रूटची उंची माझ्याएवढीच आहे, पोट तेवढं कमी. लायल बारीक झाला म्हणतील, म्हणू दे. लाउडस्पीकरवर नाव पुकारतील तेव्हा तू शेंगावाल्याला जोरात हाक मार. बाबांनी विचारलं, "तो बसलाय तो आपला ना रे?" तर हो म्हण.

फक्त एक लक्षात ठेव. त्या माकडाने चेंडू सोडला, तर तेवढ्यापुरतं बाबांना सांग की तो प्रूट आहे.

बाकावरून तुम्ही दोघं मला दिसाल. हात हलवू नकोस.

तुझा,
रविवारपर्यंत तरी कॅचर असलेला
लायल