निन्टेंडोच पुढे राहणार

४ जानेवारी १९९८, रविवार
नवीन वही. खाडाखोड करायची नाही, हा पहिला नियम.
एम.एस्सी.च्या प्रोजेक्टचा विषय पक्का केला, सबमिशन जूनमध्ये. निन्टेंडो ६४ आणि प्लेस्टेशन या दोन गेमच्या यंत्रांच्या दीर्घकालीन विक्रीचा अंदाज, सन २००५ पर्यंत. वर्गातल्या बाकीच्या मुली ऊस आणि पाऊस घेताहेत. त्यांना आकड्यांसाठी ऑफिसांचे उंबरे झिजवावे लागणार. माझे आकडे घरातच आहेत. सूतगिरणी सुटल्यावर माझ्या वडिलांनी, आण्णांनी लक्ष्मीपुरीत दुकान टाकलं, ‘दीक्षा टीव्ही गेम्स, भाड्याने मिळतील’. मामांनी मुंबईहून आणून दिलेली दोन्ही यंत्रं तिथं आहेत. कोण कोणतं नेतं ते लिहायचं आणि त्यावरून पुढचं काढायचं.
शाळेत घालण्याआधी आण्णांनीच मला चिंचोक्यांवर हिशेब शिकवला. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, हे त्यांचं. मी अजून पाळते.

१८ जानेवारी
निन्टेंडो फार पुढे. प्लेस्टेशन कपाटाबाहेर निघतच नाही.
प्रोजेक्टच्या गाइड संयोगिता मॅडमनी एका मासिकाचं कात्रण दाखवलं. त्यात जगभर प्लेस्टेशन पुढे आहे. मी म्हटलं, मॅडम, हे आकडे अमेरिकेचे आणि जपानचे. त्या म्हणाल्या, आणि तुझे कुठले? म्हटलं, कोल्हापूरचे. मॅडमनी कात्रण घडी करून पर्समध्ये ठेवलं. पटलं असावं.

१ फेब्रुवारी
आण्णांना विचारलं, गिऱ्हाईक निन्टेंडोच का मागतं? म्हणाले, “मागतंय कुठलं? मीच न्हेतो. दुसऱ्याच्या सीडीला सायकलवर ओरखडं पडत्यात.”
नोंद: धक्के सोसण्याची ताकद हा निन्टेंडोचा मोठा गुण. दीर्घकालीन विक्रीला पोषक.
आमच्याकडे यंत्र गिऱ्हाइकाच्या हातात देत नाहीत. आण्णा स्वतः सायकलवरून घरी पोचवतात, टीव्हीला वायर जोडतात, चॅनेल लावतात आणि पहिला डाव स्वतः खेळून दाखवतात. लहान पोरांकडून हरतात. मग चहा. परत येईपर्यंत दिवे लागलेले. आई म्हणते, “धंदा करतायसा का पावण्यांकडं फिरतायसा?” आण्णा म्हणतात, “दोन्ही की.”

१५ फेब्रुवारी
सर्वात निष्ठावान ग्राहक सापडला. टेंबलाईवाडीच्या चढावरच्या चिमणाबाई. दर रविवारी निन्टेंडो, एकही खंड नाही. वय साठच्या पुढे, मुलगा आणि नातवंडं पुण्यात, घरी एकट्याच.
नोंद: या यंत्राला वयस्कर बायकांमध्येही मागणी आहे. कंपनीच्या हे लक्षात आलेलं दिसत नाही. कंपनीला पत्र लिहावं का? इंग्रजी सुधारलं की लिहीन.

८ मार्च, रविवार
टेंबलाईवाडीहून आल्यावर आण्णा दुकानाच्या पायरीवरच बसले. शर्ट घामाने चिकटलेला. बोलायला वेळ लागला. चढाला दम लागतो म्हणाले. ऊन वाढलंय.

१० मार्च
डॉक्टरांकडे नेलं. हृदय दमलंय म्हणाले, सायकल आणि चढ बंद. मला हे घाईचं वाटलं. त्यांनी एकच ईसीजी पाहिला. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढत नाहीत. आईला तसं समजावलं. आई रडत होती, तिचं लक्ष नव्हतं.

१५ मार्च, रविवार
आण्णांना म्हटलं, आता घरी बसा. म्हणाले, “जूनपातूर जातो. मधीच तुझा आलेख तुटला तर मॅडमला काय दाखवशील?” मी परत नको म्हटलं. ते हसले. मी तिसऱ्यांदा म्हणणार होते, पण तोवर त्यांनी पिशवी हँडलला अडकवली होती.
मग मीच मार्ग काढला. बाकीची घरं बंद. फक्त रविवारी चिमणाबाई. तेवढी एक मालिका अखंड राहिली तर अंदाज उभा राहतो. आण्णांना योजना आवडली. आईला उद्या सांगेन.

१४ एप्रिल
जयंतीची मिरवणूक. आण्णा नवा पांढरा शर्ट घालून आले, थोडं चालले, मग बिंदू चौकात माझ्यासोबत कडेला उभे राहिले. जय भीम घालायला येणारा प्रत्येक माणूस विचारत होता, “आण्णा, आमच्याकडं कधी येताय?”
नोंद: निन्टेंडोची मागणी तुंबली आहे. जूननंतर मोठी उसळी.
आईला अजून सांगितलेलं नाही. सणाच्या दिवशी नको.

२६ एप्रिल, रविवार
गणित सुटलं. २००५ मध्ये निन्टेंडो प्लेस्टेशनच्या तिप्पट. तीनदा तपासलं, चूक नाही. आण्णांना आलेख दाखवला. रेघेवरून बोट फिरवत ते शेवटपर्यंत गेले आणि म्हणाले, “लईच वर गेलंय की.” मग म्हणाले, “बघूया दोन हजार पाचला.” म्हटलं, बघूच.

१७ मे, रविवार, दुपार
आण्णा आत्ता निघाले. आईने दारात अडवलं, “न्हाय जायाचं म्हटलं ना.” ते म्हणाले, “आता दोन-तीनच बाऱ्या राहिल्यात गं.” मला म्हणाले, वेळ लिहून घे. लिहिली. तीन वाजून दहा मिनिटं.

७ जून
आण्णा गेले. वही इतके दिवस उघडली नाही.
त्या दिवशी परत येताना. राजारामपुरीत एका झाडाला सायकल टेकवून खाली बसलेले सापडले. तिथं रस्ता सपाट आहे. म्हणजे चढाचा संबंध लावता येत नाही. हे मी आईला सांगितलं.  नंतर रात्रीच्या जेवणाला माझं ताट वाढून ती आत गेली.
उद्यापासून दुकान मी चालवणार. पोचवायलाही मीच जाणार. सबमिशनला मॅडमनी मुदत वाढवून दिली आहे.

२१ जून
निन्टेंडो चिमणाबाईंकडेच राहिला आहे. सध्या प्लेस्टेशनवर भागवू. दारात पाटी लावली, ‘घरपोच सेवा सुरू आहे’. कोणी आलं नाही.
कारण उघड आहे. फुटबॉलचा वर्ल्ड कप. पेठांमधून रात्र रात्र टीव्ही चालू असतात, त्याला गेम जोडणार कोण? १२ जुलैला फायनल. तोवर ही तात्पुरती घट धरायची.

१९ जुलै, रविवार
वर्ल्ड कप संपून आठवडा झाला. शाळा सुरू झाल्यात, शिवाय पाऊस. नदीचं पाणी वाढलंय. ऑगस्ट धरू.
शिवाजी पेठेतले हंबीरराव दुकानावरून चालले होते. दर सुट्टीत न्यायचे. मी हाक मारून सांगितलं, काका, सेवा चालू आहे, मी स्वतः येऊन जोडून देईन. ते छत्री धरून उभे राहिले. म्हणाले, “आता कशाला गं पोरी? आण्णा न्हाईत.” आणि गेले.
नोंद: ग्राहकाने नकाराचं कारण स्पष्ट केलं नाही.

२ ऑगस्ट, रविवार
आण्णांची सायकल घेऊन टेंबलाईवाडीला गेले, निन्टेंडो आणायला. चिमणाबाईंनी तो धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवला होता. त्या दिवसानंतर चालू केलेला नाही. मी विचारलं, गेमचा कंटाळा आला का?
म्हणाल्या, “मला कुठं येतंय ते, बाय. आण्णा खेळायचं, मी शेंगा सोलत बघायची. घरात माणसाचा आवाज व्हायचा.”
मी विचारलं, मग दुसरं यंत्र आणलं असतं तर?
“कंचंबी चाललं असतं की. मोकळ्या हातानं आलं असतं तरीबी च्या टाकला असता.” चहाचा कप माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, “शेवटच्या बारीला म्या म्हटलं, आण्णा, आता चढून येऊ नगा, तुमचं त्वांड बघा कसं झालंय. तर म्हणालं, न्हाय, मी आलो न्हाय तर पोरीचा आकडा चुकंल.”
मी लिहून घेतलं नाही. चहा प्यायले. त्यांनी पुढच्या रविवारी ये म्हटलं. 
तिकडे जाताना चढ सुरू झाल्यावर सायकलवर बसवेना. उतरून हातात धरून चालत गेले. तरी दोनदा कडेच्या दगडावर बसावं लागलं. माझं वय बावीस. पिशवी रिकामी होती.