कोरी वीस मिनिटं

१२ फेब्रुवारी, गुरुवार

प्रिय ठकू,

सकाळी आठला घर सोडलं. दहाला लग्ननियोजनाच्या कोर्सची तोंडी परीक्षा झाली. नापास झाले. तीनला घरी आले, जेवले, खिडक्या पुसल्या, पुन्हा पुसल्या. मग लिहायला बसले.

या वयात कोर्स कशाला, असं तू विचारलं होतंस. नोकरी मिळेल, असं मी म्हटलं. खरं तर तुझे बाबा गेले, तू लग्न पुढे ढकललंस, आणि माझं घरात बूड टेकेना. वर्गात बरं वाटतं. दीडशे पाहुण्यांना खुर्च्या कशा मांडायच्या, फुलं पाण्यातून कधी काढायची, जेवणाची रांग दोन्ही बाजूंनी का लावायची, हे शिकताना डोकं दुसरीकडे जात नाही. सगळी मुलं तुझ्याहून लहान. मला घड्याळकाकू म्हणतात, कारण लग्नाच्या दिवसाच्या तक्त्यात मी पाच-पाच मिनिटांचे चौकोन भरते. काकू, तुमच्या नवरीला शिंक आली तर ती कुठल्या चौकोनात बसवायची, असं आमच्या बाईंनी परवा विचारलं. वर्ग खो खो हसला. मीसुद्धा.

बाईंचा नियमच आहे, दर दोन तासांमागे वीस मिनिटं कोरी सोडायची. कुणी ना कुणी उशिरा येतंच. मला ते जमत नाही. कोरा चौकोन दिसला की हात शिवशिवतात. एकात तर मी 'पडदे सरळ करणे' लिहिलं होतं.

आज परीक्षकांनी माझा तक्ता पाहिला आणि म्हणाले, नवरीचे वडील वाटेत अडकलेत, वीस मिनिटं लागतील, काय कराल? कोरा वेळ माझ्याकडे नव्हताच. तरी वादकांना आणखी दोन गाणी वाजवायला सांगते, एवढं म्हटलं असतं तर निभावलं असतं. माझ्या तोंडून निघालं, ते येणार नाहीत, सुरू करा. परीक्षक हसले. म्हणाले, बाई, बापाला वगळूनच लग्न लावताय की! पुढच्या गुरुवारी पुन्हा बसायचं आहे.

बसमध्ये मात्र माझंच वाक्य मी पुन्हा पुन्हा आठवत होते. परक्या मुलीसाठी जे चटकन सुचलं, ते तुला सात महिन्यांत सांगितलं नाही. तू थांबायचं ठरवलंस तेव्हा मी 'तुला योग्य वाटेल तसं' म्हणाले. ते खोटं होतं. बाबांशिवाय तो दिवस मला बघवणार नव्हता, आणि तू माझ्यासाठी थांबली आहेस हे कळत असून मी गप्प बसले. होणाऱ्या जावयानेही कधी ब्र काढला नाही. आता पुरे. तारीख ठरवा. मला कुठलंही काम देऊ नका. मी रडेन, बहुतेक सगळ्यांसमोरच. चालेल ना? फोन करू नकोस, मला बोलता येणार नाही. लिहूनच कळव.

दोरीवरचे कपडे केव्हाच वाळलेत. ते काढते आणि घड्या घालून ठेवते.

तुझीच,
आई