वर्तुळातले बोलणे बाहेर नेणाऱ्याविषयी

त्रिरत्नांना वंदन करून मी, निवृत्त पुस्तकबांधणीकार, वय चौऱ्याहत्तर, माझ्यामागची ही व्यवस्था स्वखुशीने लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत आहे. हात थरथरतो तो वयामुळे. दारू सुटून एकोणीस वर्षे झाली. आमच्या मंडळातल्या घड्याळजीला व्यवस्थापक नेमणारे माझे आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर माझ्या एकुलत्या एका मुलीचे. पुढची खोली दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या व्यसनमुक्ती मंडळाला खुली ठेवावी, ही तिला विनंती, सक्ती नाही. तेथे आधी अर्धा तास श्वासावर ध्यान, मग मद्य वर्ज्य करणारे पाचवे शील, मग वर्तुळात ज्याने त्याने आपले सांगणे. त्यातले बाहेर न्यायचे नाही, हा एकच नियम.

२. दाबयंत्र, दाभण, सुया मंडळातल्या शिंपीणबाईंना. त्यांनी माझ्या शिवणीला तोंडावर नावे ठेवली आहेत, म्हणजे नीट वापरतील.

३. मुली, तुझी आई गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता, असे मी तुला सांगत आलो. तो नर्सच्या हातात होता. मी गुत्त्यावर होतो. हे मी वर्तुळात बोललो; तुझ्यापुढे बोलण्याचे बळ गोळा करीत होतो. पत्राचे तीन खर्डे टेबलाच्या खणात आहेत, तेही तुझेच. पण घड्याळजी माझ्याआधी तुझ्या दारात पोहोचला. तू फोनवर एवढेच म्हणालीस, "बाबा, हे परक्याच्या तोंडून कळावं?" त्यास आठ महिने झाले. तू आली नाहीस.

४. त्याला जाब विचारला, तर माझ्याच चटईवर बसून म्हणाला, "दादा, खोटं बोललो का मी? सम्यक वाचा तुम्हीच शिकवलीत. तुमचं ओझं उतरवलं."

"वाचा शिकवली होती, चहाडी नाही. आणि ओझं माझं होतं रे!"

सुत्तांत सुभाषित वाणीची पाच लक्षणे आहेत: ती वेळेवर, सत्य, मृदू, हितकर आणि मैत्रचित्ताने बोललेली असावी. हा एकावरच थांबला. त्याची दारू सुटताना नऊ दिवस मी त्याच्या उशाशी होतो. तापात तो जे बरळला, ते त्याच्या बायकोलाही आजवर कळलेले नाही.

५. म्हणून मंडळातली माझी मार्गदर्शकाची बैठक त्याला देऊ नये, शिंपीणबाईंनी सांभाळावी. मात्र गुरुवारी तो आला तर दार लावू नये. गुत्त्याचे दार उघडेच असते.

६. त्याने क्षमा मागितली आहे. माणसाला आपल्या मालकीचे तेवढेच मागे ठेवता येते, आणि क्षमा अजून माझ्यापाशी नाही. रोज मैत्रीभावनेला बसतो, एकेकाचे मंगल चिंतितो, त्याच्यापाशी अडतो. जमलीच तर माझ्या पायांनी जाऊन त्याला सांगेन. न जमल्यास, दादांनी तुला क्षमा केली होती, असे माझ्या वतीने कोणीही त्याला सांगू नये.

वाचून, समजून सही केली : पुस्तकबांधणीकार

आमच्यादेखत सही झाली :
१. गल्लीतल्या डॉक्टरीणबाई
२. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर

स्थळ : राहत्या घराची पुढची खोली
दिनांक : ९ मार्च २०२३, गुरुवार