मैद्याचे थंड कान

मंगळवार, १२ तारीख
सकाळचे साडेअकरा

चि. चिमणीस,

बाबांचे अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक. आईचा गुडघा बरा आहे. मोठ्या भट्टीचं दार एकदाचं दुरुस्त केलं, आता ते लाथ न मारताही लागतं.

कागदाला लोणी लागलंय, चालवून घे. केकच्या खोक्यात घालायचा कागद खिशात होता, त्यावरच लिहितोय. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी हे फोनवर सांगणं मला जमणार नाही. मी जनावरांच्या दवाखान्यात बाकावर बसलोय. घाबरू नकोस. म्हणजे मी घाबरलोय, तू नको.

तुझ्या मैद्याला आत घेतलंय.

काल दुपारी दुकान आवरून वर आलो, तर त्याचा पाला सकाळी ठेवला तसाच. कोपऱ्यात पाठीला कुबड काढून बसला होता. एरवी घरभर वाटाण्याएवढ्या लेंड्या टाकणारा हा ससा, काल मिरीएवढ्या चारच. आई म्हणाली, "अहो, याचं काहीतरी बिनसलंय." मी म्हटलं, "रुसलाय. भूक लागली की येईल झक मारत."

आज पहिले पाव भट्टीतून काढून वर गेलो. तो तिथेच, तसाच. करकर दात खात होता. कान हातात घेतले तर थंडगार. लेंडी एकही नाही. कणीक फुगली की नाही ते मी तीस वर्षं बोटाने चाचपून सांगतोय. त्याच्या पोटाला तेच बोट लावलं. घट्ट झालं होतं गं.

एप्रन न काढता त्याला टॉवेलात गुंडाळून धावत आलो.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "शेवटचं कधी खाल्लं?"

"परवा रात्री."

"आणि आज आणताय? अहो, सशाने दहा-बारा तास तोंडाला काही लावलं नाही, लेंड्या थांबल्या, की तडक निघायचं. ससा रुसत नाही हो. त्याचं पोट बंद पडतं, आणि मग तो मरतो. बळजबरीने काही भरवलं नाहीत ना?"

"नाही."

"तेवढं तरी बरं केलंत. आधी आत काही अडकलंय का ते एक्स-रेमध्ये बघू दे." आणि मग, "रोज खायला काय देता?"

"गवत," मी म्हटलं.

दुपारचे दोन

मघाशी लिहायचा थांबलो, कारण ते खोटं होतं. आत्ता आत जाऊन खरं सांगून आलो. पावाच्या कडा, टोस्ट, कधीमधी बिस्किटं. तू जाताना पिठाच्या पिंपावर यादी चिकटवली होतीस, 'गवत भरपूर, पाव अजिबात नाही'. मी तिच्यावर कॅलेंडर लावलं. बेकरीवाल्याच्या घरात कुणी गवत खाऊन राहायचं, म्हणजे मला माझीच अब्रू गेल्यासारखं वाटायचं. आणि खरं सांगू? तू गेल्यापासून पायाशी येऊन माझ्याकडे काही मागणारा तो एकटाच होता.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आत काही अडकलेलं नाही म्हणाल्या, पण पोट हलतच नाहीये. सलाईन लावलंय, दुखणं थांबायचं औषध दिलंय.

चार वाजले

आई आली. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "पोरीच्या वेळीही हेच म्हणाला होतात."

म्हणालो होतो. बेकरी सोडून परगावी नोकरीला जाते म्हणालीस म्हणून मी नको नको ते बोललो, आणि तू दोन दिवस खोलीबाहेर आली नाहीस. तुला वाटत असेल, आईनेही विचारलं नाही. चिमणे, आई दोन्ही दिवस ताट घेऊन तुझ्या दारापर्यंत आली होती. मीच तिचं मनगट धरलं. म्हटलं, "रुसलीय. भूक लागली की येईल." तिसऱ्या दिवशी तू घरच सोडलंस. चार महिने आईवरचा तुझा राग मी चालू दिला, कारण तो माझ्यावर आला असता.

आत्ता बाईंनी मला आत बोलावलं. मैद्याचे कान किंचित कोमट लागले. लेंडी अजून नाही. आज रात्रीपर्यंत काही सांगता येत नाही म्हणाल्या. माझा हात मात्र त्याने चाटला, कशाला ते देव जाणे.

त्याचं काही झालं तर ते माझ्यामुळे, हे तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहिलं.

रविवारी भट्टी बंद ठेवतोय. मावशीकडून तुझा पत्ता घेतलाय. दार उघडायचं की नाही ते तू ठरव, मी डबा बाहेर ठेवून पायरीवर बसेन.

जेवतेस ना गं?

भुकेवर सोडून पुन्हा वाट बघत न बसणारा,
तुझा बाबा