श्वासाचं काम

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र मिळून आज अकरा दिवस झाले. पोहोचलं की नाही म्हणून तू जावईबापूंना दोनदा फोन करायला लावलास, आणि मी दोन्ही वेळा 'पोहोचलं' एवढंच सांगून हवापाण्याच्या गप्पा मारल्या. सहा वर्षांनी तू मला चार पानं लिहिलीस, बाबा आता पुरे झालं, सामान बांधा आणि इकडे राहायला या म्हणालीस, खोलीला रंगसुद्धा देऊन ठेवलास, आणि मी अजून हो म्हटलेलं नाही. भाव खातोय असं समजू नकोस. यायचं आहे, फार यायचं आहे. पण एक गोष्ट तुला सांगितल्याशिवाय मला तुझ्या घरात पाऊल टाकता येणार नाही, आणि ती वाचल्यावर तू बोलावणं मागे घेशील अशी मला धास्ती आहे. या धास्तीतच अकरा दिवस गेले.

फोनवर सांगता आलं असतं. पण माझा धंदा तुला माहीत आहे. बोलायला लागलो असतो तर नेमक्या जागी माझा गळा दाटून आला असता, आणि तो आपोआप दाटला की मी दाटवला, हे चाळीस वर्षांनंतर मलाही सांगता येत नाही. तू विरघळली असतीस. या आवाजाने मी भल्याभल्यांना रडवलंय, तिथे तुझं काय घेऊन बसलीस! कागदावर मला आवाज नाही आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तेच बरं.

इकडचं म्हणशील तर ठीक चाललंय. पुढचा एक दात पडला, त्यामुळे 'स' म्हटला की शिट्टी वाजते. डबिंगवाले अजून बोलावतात, पण हल्ली फक्त म्हातारे आणि भुतं. लिफ्टमधली ती सूचना अजून माझीच आहे. परवा दवाखान्यात गेलो तर मीच मला दारापासून दूर उभं राहायला सांगितलं, आणि शेजारचे गृहस्थ म्हणाले, किती रुक्ष बोलतो हो हा माणूस. मीही मान डोलावली. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं.

तू लहान असताना शाळेत कुणी विचारलं की वडील काय करतात, तर तू सांगायचीस, बाबा दुसऱ्यांच्या तोंडात बोलतात. इतकं अचूक मला स्वतःलाही कधी सांगता आलं नाही. निघालो होतो नट व्हायला, पण हे असं तोंड आणि हे असे कान! नाटकात वाट्याला आले ते पोस्टमन, पहारेकरी, आणि एकदा तर चक्क प्रेत. तेच एक काम तुम्हाला नीट जमलं, असं तुझी आई आल्यागेल्याला सांगायची. मग कुणीतरी माइकसमोर उभं केलं आणि लक्षात आलं की अंधाऱ्या खोलीत माझ्याइतका देखणा कुणी नाही. सव्विसाव्या वर्षी मी सत्तरीचे आजोबा बोललो, कोल्हे बोललो, खलनायकांचे हस्तक बोललो, आम्ही पाच जणांनी मिळून पाचशेंची गर्दी केली. तुझी आई माझ्या शर्टांना कधी स्टार्च लागू द्यायची नाही, कारण कापड सळसळलं तर माइकला ऐकू जातं. निघताना एक केळं खायला लावायची, कारण पोटात कावळे ओरडले तर तेही रेकॉर्ड होतं. माझ्या चाळीस वर्षांच्या कामात असा तिचा अर्धा वाटा होता, आणि तिचं नाव कुठल्याच पाटीवर आलं नाही.

शब्द कुणीही बोलतो गं. कठीण असतं ते श्वासाचं काम. पडद्यावरचा माणूस जिना चढतो, रडू आवरतो, मरतो, तेव्हा त्याला शब्द नसतात, नुसता श्वास असतो, आणि आपला श्वास त्याच्या छातीबरोबर खाली-वर व्हावा लागतो. यात माझा हात धरणारा कुणी नव्हता, हे मीच सांगतो, कारण सांगणारे बाकीचे आता निवृत्त झाले. त्यासाठी मी माणसं ऐकायचो. बँकेच्या रांगेत, बसथांब्यावर, लग्नात. समोरचा काय सांगतोय ते जायचं वाऱ्यावर, तो दम कसा घेतोय तेवढं माझ्याकडे राहायचं. तुझा मामा गेल्याचा फोन आला तेव्हा तुझी आई भिंतीला टेकून रडत होती, आणि मी जवळ बसून कान देऊन ऐकतोय हे तिच्या ध्यानात आलं. रडणं मध्येच थांबवून ती म्हणाली, आधी नवरा व्हा, मग ऐका. पुढे त्यावर आम्ही हसलोसुद्धा. मी सुधारलो मात्र नाही.

मग तिचं आजारपण. ते सात महिने तू केलेस, मी नाही. नोकरीवर पाणी सोडून आलीस. तिचं अंग पुसणं, तिला कुशीवर वळवणं, औषधांच्या वेळा, सगळं तू. मी संध्याकाळी यायचो, दोन-चार आवाज काढून दाखवायचो, नर्सबाई हसायच्या, की झालं माझं काम. शेवटच्या दिवशी मी सकाळीच आलो तेव्हा तू तीन दिवसांची पारोशी होतीस. मीच म्हटलं, घरी जा, अंघोळ कर, दोन घास खा, मी बसतो इथे. साडेनवाला तू गेलीस. पावणेबाराला धुतलेली चादर घेऊन परत आलीस, तेव्हा सगळं संपलं होतं. अचानक गेली, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच, असं मी तुला सांगितलं.

पाच महिन्यांनी ती परदेशी मालिका आली, म्हाताऱ्या कप्तानाची. शेवटच्या भागात तो आपल्या खोलीत पडल्या पडल्या मरतो. अडीच मिनिटं, एकही शब्द नाही. मी ते पहिल्याच फटक्यात केलं. दोन आखूड श्वास, मग थांबणं, इतका वेळ की बघणाऱ्याला वाटावं झालं, आणि मग बारीकसं 'हं', शेजारच्या खोलीतून कुणी हाक मारली की आपण देतो तसं. संपलं तेव्हा काचेपलीकडचा आमचा रेकॉर्डिस्ट हेडफोन काढून बाहेर निघून गेला होता. मला बक्षीस मिळालं, फोटो छापून आला. तू मैत्रिणीकडे बसून तो भाग पाहिलास. बाकी दुनियेने कप्तान पाहिला, तुला त्या 'हं'मध्ये आई ऐकू आली. घरी येऊन तू आरडाओरडा केला नाहीस. आईचं एवढं तरी सोडायचं होतं, बाबा, इतकंच म्हणालीस आणि कपाट आवरायला घेतलंस. पुढे तुझ्या लग्नालाही मी लांबच्या नातेवाइकासारखा आलो, जेवलो, गेलो. माझी तक्रार नव्हती. खरं सांगू का, त्या रागात मला सुटल्यासारखंच वाटायचं. मोठ्या गुन्ह्याची शिक्षा मी लहान गुन्ह्यापोटी भोगत होतो, आणि ते मला सोयीचं होतं.

आता तुझ्या पत्राचं तिसरं पान. तू लिहितेस की तुम्ही निदान तिच्या उशाशी होतात, मी मात्र आई जात असताना अंघोळ करत होते. तुमच्यावर काढला तो राग मुळात माझा माझ्यावरचा होता. अजूनही डोक्यावर पाणी घेतलं की छातीत धस्स होतं, म्हणतेस. आणि शेवटी तू, तू माझी माफी मागितली आहेस. सहा वर्षं तू मला चोर समजत होतीस, ते मी निमूट झेललं. पण माझ्या एका खोट्यापायी तू स्वतःला आत कोंडून घेतलं आहेस, हे मला ठाऊक नव्हतं. तुझ्या आईशप्पथ, ठाऊक नव्हतं.

म्हणून हे पत्र. तुझी आई अचानक गेली नाही. तू गेल्यावर अर्ध्या तासात नर्सबाई आल्या, नाडी पाहिली आणि म्हणाल्या, श्वास बदललाय, मुलीला बोलावून घ्या. मी हो म्हटलं. फोन माझ्या शर्टाच्या खिशात होता. पण तसा श्वास मी आयुष्यात ऐकला नव्हता. वाटलं, एवढा एक होऊ दे, मग लावतो. मग पुढचा. फोनवर बोलायला लागलो तर मधला एखादा हुकेल. ठरवून केलं नाही, पण केलं. मध्ये एकदा तिने डोळे उघडले आणि दाराकडे पाहिलं. मी म्हटलं, निघाली आहे ती, येतेच आहे. चांगल्या आवाजात म्हटलं, तिला पटलं. त्यानंतर ती पन्नास मिनिटं होती. आता डोक्यावर पाणी घेताना दचकू नकोस, बाळा, तुझ्याकडून काहीही चुकलं नाही. मला बोलवायचं की नाही ते तू ठरव, आणि नाही ठरवलंस तर कळवायची तसदीही घेऊ नकोस, मी समजेन. ती दाराकडे डोळे लावून तुझी वाट पाहत होती, तू अवघ्या वीस मिनिटांवर होतीस, आणि मी तुला हाक मारली नाही.

तुझाच,
बाबा