दोन मुसळांमधली फट

माय, तू असतीस तर आधी ‘जेवली का?’ असंच विचारलं असतंस, म्हणून तेच आधी सांगते. जेवले. अकोल्यात या दवाखान्यासमोर एक हातगाडी लागते, तिथला आलुबोंडा खाल्ला, तोही मावशीनं हाताला धरून नेलं म्हणून. मावशी म्हणजे आपल्या शेजारची, तुझ्यासोबत मुसळ धरणारी. आता पार वाकली आहे, पण जीभ अजून तशीच तिखट. तिच्या नातसुनेचं लेकरू आत काचेपलीकडे आहे, दिवस भरायच्या आत आलेलं. त्याच्या नाकाशी हवा सोडून श्वासाला आधार देणारी जी मशीन आहे, ती माझ्या हाताखालून गेलेली. मी बाहेरच्या बाकावर बसून तुला लिहितेय. भरदुपार आहे, पंखा नुसती गरम हवा फेकतोय.

उन्हाळा लागला की आपल्या सैपाकघरामागच्या टिनाखाली तिखट कुटायचं काम निघायचं. गल्लीतल्या बायका मिरच्या वाळवून, देठं खुडून आणून टाकत. उखळ एक आणि मुसळं दोन, एक तुझं, एक मावशीचं. तुझं खाली तेव्हा तिचं वर, तिचं खाली तेव्हा तुझं वर. आणि ठोक्याठोक्यामध्ये एक एवढीशी फट, जेव्हा दोन्ही मुसळं वर असतात. त्या फटीत माझा हात आत जायचा, कडेला चढलेल्या मिरच्या मधे सारायच्या आणि बाहेर. तू ‘घाल’ म्हणत नव्हतीस. तेवढं मी ऐकून ओळखायचं. तू फक्त ‘काढ!’ म्हणायचीस, दर वेळी, अगदी माझा हात काढून झाला असला तरी. एकदा मावशीच्या कसल्याशा बोलण्यावर मी हसत बसले आणि हात रेंगाळला. तू मुसळ अधांतरी धरलंस. मावशीचंही थांबलं. मग तू माझं मनगट ओढून माझ्या तोंडासमोर धरलंस. “बोटं काय बजारात इकत भेटतेत का वं? भेटत असतीन तं सांग, पावशेर घेऊन येतो!” सगळ्या बाया हसल्या. मी दिवसभर तुझ्याशी बोलले नाही. माझी आई दगडाची आहे, असं मी तेव्हा पक्कं ठरवून टाकलं होतं.

आणि ते मुसळाचं. मावशीच्या मुसळाला तडा गेला तेव्हा तू सुताराकडून दोन नवी मुसळं करून आणलीस, एकाच लाकडाची, एकाच वजनाची, आणि तुझं स्वतःचं चांगलं मुसळ कोपऱ्यात उभं करून ठेवलंस. मावशी कावली. “चांगलं मुसळ काहून काढून टाकलं वो बाई? तुमाले पैशे जड झाले का?” तू मिरच्या पाखडत म्हणालीस, “एक जुनं, एक नवं जमत नाई. नवं जरा जड राह्यते, लवकर खाली येते. सकाळी पता लागत नाई. दुपारी हात थकले का मंग ठोका ठोक्यावर येते. बदलाचं तं जोडीनं बदलाचं.” त्यावर मावशीनं नाक उडवलं आणि नवं मुसळ उचललं.

मला अमरावतीला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला प्रवेश मिळाला तेव्हा तू मला सोल्डरिंगची, तारा झाळायची इस्तरी घेऊन दिलीस. दुकानात तू त्या माणसाला म्हणालीस, इथंच लावून दाखव. ती तापेपर्यंत तू तिथल्या स्टुलावर ठाण मांडून बसलीस, आणि तापल्यावर ओलं बोट लावून पाहिलंस, चुर्र झालं तेव्हा समाधान. त्या माणसाचे डोळे पांढरे झाले होते. तिचं टोक मी कितीदा बदललं असेल, पण मूठ तीच आहे. आज ती माझ्यासोबत या पिशवीत आहे.

तुला माझं काम कधी समजावून सांगितलं नाही. तू विचारायचीस, मी ‘तुला नाही कळायचं’ म्हणून उडवून लावायची. आता ऐक. या मशीनमध्ये हवा ढकलणारी एक मोटर असते. तिला वीज देणारे दोन स्विच असतात, एक वरचा, एक खालचा. त्यांना हुकूम देतात दोन क्लॉक, म्हणजे सेकंदात हजारो वेळा वर-खाली होणारे दोन इशारे. एक वर असताना दुसरा खालीच हवा. आणि मध्ये एक फट ठेवावी लागते, जेव्हा दोन्ही स्विच बंद असतात. ती फट मिटली आणि दोन्ही एकदम चालू झाले की वीज मोटरकडे न जाता सरळ आरपार जाते. स्विच जळतो आणि हवा बंद. हे दोन्ही इशारे निघतात एकाच ठिकाणाहून, पण प्रत्येकाच्या वाटेवर एक छोटी चिप असते आणि ती थोडा उशीर लावते. दोघींचा उशीर सारखा असला तर काही बिघडत नाही. गरमीनं उशीर वाढतो, पण एकाच लॉटच्या दोन्ही असल्या तर दोघींचा सारखाच वाढतो, फट शाबूत राहते. बघ, तुझंच काम आहे. फक्त आवाज नाही त्याला.

हिवाळ्यात ही मशीन दुरुस्तीला अमरावतीच्या आमच्या वर्कशॉपात आली होती. दोनपैकी एक चिप गेली होती. त्या लॉटची शिल्लक नव्हती, खरेदीवाल्यानं दुसऱ्या बनावटीची आणून दिली. कागदावर सगळं सारखं. दुसरी चिप ठणठणीत होती, आणि मी मनात म्हटलं, चांगली चिप कशाला काढायची. हुबेहूब मावशीचं वाक्य, माय! एकच बदलली, स्वेटर घालून बसले होते तिथंच फट मोजून पाहिली, मस्त होती. झाकणाचा एक स्क्रू हरवला होता, तिथं पिवळा बसवला आणि मशीन पाठवून दिली.

परवा मी वर्कशॉपात डबा उघडून बसलेय आणि मावशीचा फोन येतो. “अवं पोरी, आमच्या लेकराले तुह्या मशीनवर ठेवलं! माह्या नातवानं कंपनीचं नाव वाचलं ना तिच्यावर. मी साऱ्यायले सांगतलं, हे आपल्या शेजारणीच्या पोरीची मशीन हाय, आता मले काई भेव नाई.” मला आधी बरं वाटतं. खोटं कशाला बोलू, छाती फुगते. मग बाहेर उन्हाकडे लक्ष जातं, आणि कुलरला हात लावला तर कुलरही तापलेला. मी विचारते, मावशी, मशीनच्या झाकणाले एखादा पिवळा स्क्रू हाय का? ती कुणाला तरी पाहायला लावते. “हाय ना वं! एक पिवळाच हाय. चांगलं असते पिवळं, नाई का?” माझ्या हातातला घास डब्यात पडला.

पहिला फोन दवाखान्यात केला. डॉक्टरीणबाई शांत आवाजाच्या आहेत. म्हणाल्या, मशीन नीट चालली आहे, दुसरी मशीन दुसऱ्या लेकराला लागलेली आहे, आणि या लेकराला आत्ता दुसरीकडे हलवणं धोक्याचं. मी म्हटलं, खोली जितकी गार ठेवता येईल तितकी ठेवा आणि हातानं दाबायचा तो रबरी फुगा मशीनजवळच ठेवा, मी येते. मग एका टेबलावर तशीच जोडी जमवली, एक जुन्या लॉटची, एक त्या दुसऱ्या बनावटीची, आणि त्यांच्यावर गरम हवेचा झोत धरला. स्क्रीनवर दोन रेघा होत्या. बघता बघता एक रेघ दुसरीकडे सरकायला लागली. फट बारीक झाली, आणखी बारीक झाली, आणि मिटली. मालक मागे उभे होते. ते म्हणाले, “आजवर काही झालं का? नाही ना? मग दवाखान्यात जाऊन बोंब कशाला मारता? नाव खराब होईल.” मी एका नव्या बोर्डावरून एकाच लॉटच्या दोन चिपा उपसून काढल्या, रेघा दाखवणारी छोटी स्क्रीन आणि गरम हवेचं यंत्रही घेतलं आणि सगळं पिशवीत टाकलं. ते काहीतरी बोलत होते, माझ्या कानात शिरलं नाही.

त्याच दिवशी एसटीत खिडकीजवळ बसले. मूर्तिजापूर येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच हिशेब, की खोलीतला एसी बंद पडला तर आतल्या चिपेचं काय होईल. लाईट गेली तर, कोणी मशीनच्या जाळीवर दुपटं वाळत टाकलं तर. दर वेळी फोन खिशात थरथरला की घाईनं काढून बघायची. एकदा नुसता बॅलन्सचा मेसेज होता. शेजारच्या बाईनं विचारलं, “घरी कोनी सीरियस हाय का वो?” मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

डॉक्टरीणबाईंनी मला हात धुवायला लावले, अंगावर गाऊन चढवला. दाराशी मावशी उभी. “काहून वं, मशीन काहून काढून राहिली? चांगली तं चालू हाय!” मी तिच्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “फुग्यावर ठेवते, पण पटकन. तुम्हाला खात्री आहे ना, की काढायलाच हवी?” मी हो म्हटलं. नर्सनं लेकराला मशीनवरून काढून फुगा दाबायला सुरुवात केली. माय, तळहातात मावेल एवढी छाती आहे त्याची. मी पिवळा स्क्रू काढला, तारा लावल्या, मशीन चालवून रेघा पाहिल्या. फट होती. पण इतकी बारीक, की रेघा मोठ्या करून पाहाव्या लागल्या. तुझी इस्तरी तापत होती तोवर मी फक्त फुग्याचा आवाज ऐकत होते. मग कोपर टेबलाला टेकवून दोन्ही चिपा काढल्या, दोन्ही नव्या बसवल्या. दोन्ही, माय. वर सेटिंगमध्ये फट आणखी रुंद केली. त्यानं मोटर थोडी वीज जास्त खाते, मालक कुरकुरतील, कुरकुरू देत. झोत धरून तापवून पाहिली. रेघा दोन्ही सोबत सरकल्या, मधली जागा तेवढीच राहिली. लेकरू परत मशीनवर गेलं तेव्हा मी भिंतीला पाठ लावून खाली बसले. अशी एकच चिप बदललेली मशीन हीच, बाकीच्यांच्या जोड्या शाबूत आहेत, हे मी फोन करून वर्कशॉपातून पुन्हा तपासून घेतलंय.

नंतर बाकावर मावशीला सगळं खरं सांगितलं, किती भ्याले तेही. वाटलं, आता शिव्या बसणार. तिनं पदरानं मान पुसली. मग म्हणाली, “तुह्या मायवानी केलं.” मी म्हटलं, मायनं असं केलंच नसतं, ती कशालाच भ्यायची नाही. मावशी फिसकन हसली. “तुही माय? अवं, तिच्याएवढं भित्रं मी कोनी पाह्यलं नाई. मले म्हणे, बाई, मुसळ हातभर वरच धरा, पोरीचा हात हाय खाली. हातभर वर! माहे खांदे भरून येत. मी म्हणो, तं पोरीले काहून बसवता? तं म्हणे, शिकू द्या, पन मले लय भेव वाटते. तू हात काढला तरी ‘काढ, काढ’ म्हणत राहे, ते काय उगाच?”

म्हणजे ती फट आपोआप पडत नव्हती तर. तू खांदे दुखवून ती रुंद करत होतीस, आणि मी तुला दगड म्हणत होते. हे तुला तेव्हा विचारता आलं असतं. तू काही कबूल केलं नसतंस म्हणा, पदर खोचून उलट माझ्यावरच ओरडली असतीस.

डॉक्टरीणबाई आत्ताच सांगून गेल्या, लेकरू स्वतःचा श्वास घ्यायला लागलंय, उद्या-परवा मशीन काढू. मशीनकडे बोट दाखवून म्हणाल्या, “आता काळजी नाही ना?” मी ठणकावून ‘नाही’ म्हटलं. त्यांना सांगितलंय, नोंदी घ्यायला थांबलेय. मालकाला सांगितलंय, ताप आलाय. मावशीला सांगितलं, तुझ्या सोबतीला थांबले. तिन्ही थापा. हा कागद मी इस्तरीच्या डब्यात घडी करून ठेवीन, दुसरीकडे कुठं पाठवणार?

मशीन चांगली चालू हाय, माय. फट मी सोता पाह्यली, तापवून पाह्यली. तरी मले लय भेव वाटून राहिलं. काम होऊन गेलं, माहा हात कवाचाच बाहेर आला, पन तू ‘काढ’ म्हटल्याबिगर माह्याच्यानं इथून उठवत नाई.